कर्णा, कॅसेट आणि घरातला माइक : यंत्राच्या निवडीत आवाजाचे काय होते?

१/
मराठी संगीत रंगभूमीचे ख्यातनाम गायक-नट भाऊराव कोल्हटकर १३ फेब्रुवारी १९०१ रोजी निवर्तले. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गायस्बर्ग याने कलकत्त्यात आपले यंत्र मांडले ते नोव्हेंबर १९०२ मध्ये. मधले अंतर अवघे एकवीस महिन्यांचे. भाऊरावांच्या शकुंतलेने आणि सुभद्रेने प्रेक्षकांना कसे वेड लावले होते, याची वर्णने जुन्या आठवणींत भरपूर सापडतात. तो आवाज मात्र आज एक क्षणही ऐकता येत नाही. यंत्र उशिरा आले, एवढेच त्याचे कारण.

२/
वर्धा-आर्वी रस्त्यावरील आंजी (मोठी) या गावातील एखाद्या घरात आज ध्वनिमुद्रणाची छोटी सोय उभारायची ठरली, तर यंत्राची वाट पाहावी लागत नाही. माइक, इंटरफेस, हेडफोन सारे मोबाइलवरून मागवता येते. अडचण आता निवडीची आहे. आजीच्या ओव्या, भुलाबाईची गाणी, पोळ्याच्या झडत्या, खंजिरीवरची भजने यांसाठी नेमके काय घ्यावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास फार उपयोगी पडतो. कारण प्रत्येक यंत्राने काही आवाज जपले आणि काही गाळले. कोणते गाळले, हे आधी पाहू.

३/
आरंभ एका खोलीपासून. गायस्बर्गसाठी कलकत्त्यात कोणताही स्टुडिओ सज्ज नव्हता. हॉटेलच्या खोलीतच यंत्र मांडून त्याने गायक-गायिकांना बोलावले. त्या पहिल्या दौऱ्यात पाचशेहून अधिक मुद्रणे झाली. मेणाच्या मूळ तबकड्या जहाजाने जर्मनीतील हॅनोव्हरला जात आणि तेथे छापलेल्या ध्वनिमुद्रिका विक्रीसाठी परत येत. कंपनीचा कलकत्त्यातील कारखाना सुरू झाला तो पुढे १९०८ मध्ये. भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रणाचा इतिहास असा एका तात्पुरत्या, मुक्कामाच्या खोलीत सुरू झाला. घरातील खोलीला कमी लेखण्याचे म्हणूनच काही कारण नाही.

४/
त्या यंत्रात वीज नव्हती. गायक मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गात असे. कर्ण्याच्या निमुळत्या टोकाला बसवलेला पातळ पडदा कंप पावे आणि त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणावर खाच कोरत जाई. आवाज वाढवण्याची काहीच सोय नसल्याने सुई हलवण्याइतका जोर गळ्यातच असावा लागे. साधारण अडीच हजार हर्ट्झच्या वरचा बहुतेक ध्वनी आणि खालचा खर्जही त्यात गळून जाई. ठणठणीत, चढा, टोकदार आवाज टिके; तंबोऱ्याची गुंजन हरवे. पहिल्या पिढीचे 'रेकॉर्डवाले' गायक कोण ठरले, यात या कर्ण्याचाही वाटा होता.

५/
गायक आणि साथीदार यांचा तोल साधायचा कसा? केवळ अंतराने. गायक कर्ण्याशी, सारंगी किंवा हार्मोनियम जरा मागे, मोठा आवाज करणारे वाद्य आणखी दूर. ही युक्ती आज जुनाट वाटेल. पण एका खोलीत दोनच माइक लावून भजनी मंडळाचे मुद्रण करायचे असेल, तर आजही हीच युक्ती लागते. ती पुढे पुन्हा येईल.

६/
दुसरे बंधन वेळेचे. दहा इंची तबकडी मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेई आणि तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. तासभर उलगडणारा राग त्या मापात बसवावा लागे. काहींनी ते कौशल्याने साधले, काही त्यापासून दूरच राहिले. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, जयपूर घराण्याचे अल्लादियाखाँ १९४६ मध्ये. दोघांच्याही हयातीत ध्वनिमुद्रण सर्वत्र पोहोचले होते, तरी दोघांच्याही गाण्याचे मुद्रण आज उपलब्ध नाही. त्यांची गायकी शिष्यांच्या गळ्यातून जेवढी पुढे आली, तेवढीच उरली.

७/
अल्लादियाखाँच्या शिष्या, गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांचा आवाज मात्र १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील सुवर्ण-तबकडीतून अंतराळात गेला. भैरवीतील ती रचना साडेतीन मिनिटांच्या आसपासची आहे. एवढी आटोपशीर का? ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर तेवढेच मावत होते म्हणून. पृथ्वीवरील भारतीय रागसंगीताचा जो नमुना परग्रहावरच्या श्रोत्यासाठी निवडला गेला, त्याचे माप एका जुन्या यंत्राने आधीच ठरवून ठेवले होते.

८/
१९२५ च्या सुमारास विजेवर चालणारा माइक ध्वनिमुद्रणात आला आणि गायनाची रीतच बदलली. आता हळू आवाजही मोठा करता येऊ लागला. जगभर कानाशी बोलल्यासारखे गाणारे गायक पुढे आले. मराठीत १९३० नंतर बहरलेल्या भावगीतामागेही हा बदल आहे. विदर्भातील मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात तबकडीवर आली आणि घरोघर पोहोचली. रंगमंचाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्याची सक्ती गळ्यावर उरली नव्हती. घरच्या खोलीत मुद्रण करू पाहणाऱ्याने ही गोष्ट विसरू नये : मृदू आवाज टिपायचा असेल, तर गाणाऱ्याला ओरडायला सांगायचे नसते, माइक जवळ न्यायचा असतो.

९/
याच काळात सरकारही आवाज गोळा करीत होते. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या देखरेखीखालील भारतीय भाषा-सर्वेक्षणासाठी १९१३ ते १९२९ या वर्षांत ९७ भाषा व बोलींची २४२ ग्रामोफोन मुद्रणे झाली. हा ठेवा आज शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात ऐकता येतो. सर्वेक्षणाने भाषांच्या तुलनेसाठी एक ठरावीक मजकूर घेतला होता : बायबलातील उधळ्या पुत्राची गोष्ट. तुलनेसाठी ते सोयीचे होते. पण लोक एरवी आपसांत काय बोलतात, काय गातात, हे अशा मजकुरातून फारसे उमटत नाही. यंत्र कोणाच्या हाती आहे, यावर समोरचा काय म्हणणार हे बरेचसे ठरते.

१०/
मग टेप आली. जर्मनीत १९३५ मध्ये लोकांसमोर मांडलेला 'मॅग्नेटोफोन' दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर पसरला. तीन मिनिटांचे बंधन सुटले, चूक पुसता येऊ लागली, तुकडे जोडता येऊ लागले. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले आणि विदर्भातील कलावंतांना जवळचा स्टुडिओ मिळाला. पण 'पुसता येणे' हा दुधारी गुण होता. टेप महाग असल्याने जुने कार्यक्रम पुसून तीच टेप पुन्हा वापरण्याची रीत मोठ्या संस्थांतही होती. बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत असे कितीतरी कार्यक्रम कायमचे गमावले.

११/
१९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने छोटी कॅसेट आणली. चार मिलिमीटरहूनही अरुंद फीत, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटरचा वेग. दर्जाच्या दृष्टीने स्टुडिओतील टेपपुढे ती फारच तोकडी. पण ती खिशात मावत होती, सेलवर चालत होती आणि गावात दुरुस्त होत होती. ऐंशीच्या दशकात भारतात कॅसेटचा सुळसुळाट झाला, तेव्हा एकाच मोठ्या कंपनीची दीर्घकाळची मक्तेदारी मोडली. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाचे 'कॅसेट कल्चर' (१९९३) हे पुस्तक याच उलथापालथीचा इतिहास सांगते.

१२/
महाराष्ट्रात याचा अर्थ काय झाला? भीमगीते, विठ्ठलाची गाणी, लोकनाट्य, कीर्तने, बोलीतील विनोदी गाणी यांना बाजार मिळाला. मोठ्या कंपनीच्या दारात ज्यांना उभे केले गेले नसते, असे कितीतरी आवाज एसटी स्थानकाबाहेरच्या टपरीवरून वाजू लागले. त्याची किंमतही होती. नकलेवरून नक्कल काढताना प्रत्येक वेळी खरखर वाढे. पावसाळ्यात फितीला बुरशी लागे. सर्वांत मोठा तोटा म्हणजे, घरी भरलेल्या असंख्य कॅसेटींवर गाणाऱ्याचे नाव, गाव, तारीख काहीच लिहिलेले नसे.

१३/
याच कॅसेटने घरातला स्टुडिओही जन्माला घातला. जपानी टास्कॅम कंपनीने १९७९ मध्ये 'पोर्टास्टुडिओ १४४' हे यंत्र काढले. साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे पदर मुद्रित करता येत. अमेरिकी गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याने घरी बसून याच यंत्रावर कच्चा नमुना म्हणून गाणी भरली. पुढे स्टुडिओत वाद्यवृंदासह तीच गाणी करून पाहिली, पण घरातल्या मुद्रणाचा भाव त्यात येईना. अखेर १९८२ मध्ये 'नेब्रास्का' या नावाने घरचेच मुद्रण प्रसिद्ध झाले. स्वस्त यंत्र आणि शांत खोली यांच्या ताकदीचा हा गाजलेला दाखला आहे.

१४/
आता महाराष्ट्रातील सर्वांत शिकण्याजोगे उदाहरण. पुण्यातील हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ यांनी ऐंशीच्या दशकापासून गावोगावच्या कार्यकर्त्या स्त्रियांसह जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या स्त्रिया आणि एक लाखाहून अधिक ओव्या, असा हा संग्रह आहे. आरंभी साधन होते वही आणि लेखणी. नव्वदच्या दशकात संगीतज्ञ-अभियंता बर्नार्ड बेल या कामात आले, तेव्हा ध्वनिमुद्रण आणि संगणकीय सूची यांची जोड मिळाली. मुद्रित आवाज सुमारे १२० तासांचा आहे. 'पारी' या संकेतस्थळावर २०१७ पासून या ओव्या क्रमाने प्रसिद्ध होत आहेत.

१५/
या आकड्यांकडे नीट पाहिले, तर एक विलक्षण गोष्ट दिसते. लाखभर ओव्यांपैकी बहुसंख्य ओव्यांचे शब्दच उरले आहेत; चाल आणि गळा थोड्यांचाच. तरीही हा संग्रह अमोल आहे. का? कारण ओवीसोबत ती गाणारी स्त्री कोण, कोणत्या गावची, हे जपले गेले. वहीने आवाज गमावला, पण माणूस राखला. निनावी कॅसेटने याच्या उलट केले. घरात सोय उभारणाऱ्याला दोन्ही राखता येतात. या साऱ्या इतिहासातून निघणारी मुख्य गोष्ट हीच आहे. पुढची निवड तिच्याच उजेडात करायची.

१६/
पहिला निर्णय खोलीचा. यंत्राचे पैसे मोजण्याआधी घरातील सर्वांत शांत जागा शोधावी. मोकळ्या सिमेंटच्या भिंती आवाज परतवतात आणि शब्द घुमतात. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा फारसा उपयोग होत नाही. जाड, मऊ, सच्छिद्र वस्तू लागतात. वर्धा हा कापसाचा जिल्हा. कापसाच्या गाद्या, गोधड्या, किंवा वेचणीनंतर घरात साठवलेला कापूस यांइतके चांगले ध्वनिशोषक विकत शोधायला नको. टिनाच्या छपराखाली पावसात मुद्रण होत नाही आणि उन्हाळ्यात कूलर सुरू ठेवूनही होत नाही. पहाटेची वेळ दोन्ही दृष्टींनी उत्तम. दळणाच्या ओव्याही मुळात पहाटेच्याच.

१७/
दुसरा निर्णय माइकचा. दोन मुख्य प्रकार लक्षात ठेवावेत. डायनॅमिक माइक मजबूत असतो, त्याला बाहेरून वीज लागत नाही, जवळचा आवाज घेतो आणि दूरचा गोंगाट तुलनेने कमी टिपतो. श्युअर कंपनीचा १९६६ पासूनचा 'एसएम ५८' हा त्याचा सर्वपरिचित नमुना. गावोगावच्या मंचांवर याच घडणीचे माइक दिसतात. कंडेन्सर माइक अधिक संवेदनशील असतो. म्हातारीचा क्षीण आवाज, श्वास, शब्दांची कड तो टिपतो, पण त्याबरोबर पंखा, कोंबडा आणि रस्त्यावरचा ट्रॅक्टरही. थोडक्यात : शांत खोली आणि मृदू गळा असेल तर कंडेन्सर, गजबजलेले घर असेल तर डायनॅमिक.

१८/
खंजिरी ही खरी परीक्षा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे (१९०९-१९६८) खंजिरी भजन विदर्भाच्या घराघरांत रुजले. यात गाणारा आणि वाजवणारा एकच. खंजिरी तोंडापासून हातभर अंतरावर, तिच्या झांजांचा आवाज तीक्ष्ण आणि क्षणार्धात उसळणारा. दोन माइक लावूनही गळा आणि खंजिरी पूर्ण वेगळे होत नाहीत. एकदिश माइक समोरचे अधिक ऐकतो आणि पाठीमागचे कमी. म्हणून माइक तोंडाकडे रोखून, त्याची पाठ होईल तितकी खंजिरीकडे येईल असा तिरका लावावा. मंडळ मोठे असेल तर अर्धवर्तुळात बसवून समोर दोन माइक ठेवावेत आणि तोल अंतराने साधावा, कर्ण्याच्या काळातल्यासारखा.

१९/
अंतराचे गणितही सोपे आहे. मोकळ्या जागेत माइक आणि गळा यांतले अंतर निम्मे केले, की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते. खोलीचा घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून एक वीत ते हातभर या अंतरात माइक पुढे-मागे करून ऐकणे हे महागडा माइक घेण्यापेक्षा अधिक फळ देते. जात्यासोबतच्या ओव्या मुद्रित करायच्या असतील, तर जात्याची घरघर गाळायची की राखायची, हेही अंतरच ठरवते. ती राखावी. ओवीची लय त्याच फेऱ्यांवर चालते.

२०/
तिसरा निर्णय इंटरफेसचा. माइकमधून येणारा विद्युत्-संकेत फार क्षीण असतो. तो वाढवून अंकांत बदलणारी आणि यूएसबीने लॅपटॉपला जोडली जाणारी छोटी पेटी म्हणजे ऑडिओ इंटरफेस. दोन माइक लावता येतील एवढी पेटी घराला पुरते. कंडेन्सर माइकसाठी त्यात ४८ व्होल्टची 'फॅन्टम पॉवर' आहे ना, हे पाहावे. आठ-आठ जोडण्यांची यंत्रे ड्रम आणि बँडसाठी. ओवीला त्यांचा उपयोग नाही. झडत्या, दंडार असे अंगणात किंवा चौकात होणारे प्रकार टिपायचे असतील, तर लॅपटॉप विसरून सेलवर चालणारा हातातला रेकॉर्डर आणि वाऱ्यासाठी केसाळ टोपी घ्यावी.

२१/
चौथा निर्णय आकड्यांचा. १९८२ मध्ये आलेल्या सीडीने सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १६ बिट हे माप रूढ केले. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची जतनासाठी किमान शिफारस ४८,००० नमुने आणि २४ बिट अशी आहे. साध्या इंटरफेसमध्येही ही सोय असते. या मापाने एका माइकच्या तासाभराच्या मुद्रणाला सुमारे ५२० एमबी जागा लागते, दोन माइकना त्याच्या दुप्पट. मूळ प्रत 'वेव्ह' स्वरूपातच ठेवावी. एमपी३ ही पाठवण्यापुरती नक्कल. आवाजाची पातळी लावताना सर्वांत मोठा उसळता आवाजही शून्याच्या खाली १२ डेसिबलच्या आसपास राहील, असे पाहावे. पातळी थोडी कमी राहिली तर नंतर वाढवता येते. फाटलेला आवाज सांधता येत नाही.

२२/
किरकोळ वाटणाऱ्या, पण मुद्रण बिघडवणाऱ्या दोन वस्तू. पहिली हेडफोन : कान पूर्ण झाकणारा, बंद पाठीचा. मुद्रण चालू असताना कोणीतरी तो लावून ऐकत राहिले, तरच सैल केबलची खरखर वेळीच कळते. दुसरी वीज. चार्जर किंवा इन्व्हर्टरमधून कधी कधी सतत गुणगुण येते. अशा वेळी लॅपटॉप पूर्ण चार्ज करून, चार्जर काढून मुद्रण करावे. लोडशेडिंगचीही मग धास्ती नाही.

२३/
आणि नुसता मोबाइलच असेल तर? तरीही मुद्रण करावे. मात्र मोबाइलमधील बरीच अॅप आवाजाची पातळी आपोआप वर-खाली करतात आणि 'गोंगाट' समजून जात्याची घरघर किंवा टाळांची किणकिण पुसू पाहतात. ही बोलण्यासाठी केलेली सोय गाण्याला मारक ठरते. ती बंद करता येणारे आणि 'वेव्ह' स्वरूपात साठवणारे अॅप निवडावे, फोन एअरप्लेन मोडवर टाकावा आणि हातात न धरता गोधडीच्या घडीवर ठेवावा.

२४/
पाचवा निर्णय नोंदीचा, आणि त्याला पैसे लागत नाहीत. गायस्बर्गच्या पहिल्या तबकड्यांवर गौहरजान गाण्याच्या शेवटी इंग्रजीत आपले नाव सांगताना ऐकू येते. दूर हॅनोव्हरच्या कारखान्यात तबकडीवर योग्य नाव चढावे म्हणून ही पद्धत होती, असे सांगितले जाते. सोय तांत्रिक होती. पण त्यामुळेच सव्वाशे वर्षांनंतरही त्या आवाजाला चेहरा आहे. प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी गाणाऱ्याचे नाव, गाव, तारीख, गाण्याचा प्रसंग आणि ते कोणाकडून शिकले, हे गाणाऱ्याच्याच तोंडून घ्यावे. तेच फाइलच्या नावातही लिहावे.

२५/
सहावा निर्णय जतनाचा आणि परवानगीचा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक घराबाहेर : हा साधा नियम पाळावा. परवानगीची गोष्ट अधिक नाजूक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने सादर करणाऱ्या कलावंताचे स्वतंत्र हक्क आले. आजीचा आवाज नातवाने मुद्रित केला, म्हणून तो जगापुढे टाकण्याचा हक्क आपोआप नातवाचा होत नाही. ओव्यांत सासर, माहेर, नवरा, भाऊबंद यांविषयी फार खासगी बोलणे असते. काय घरात राहील आणि काय बाहेर जाईल, हे गाणारीने ठरवावे आणि तिचा होकारही मुद्रित करून ठेवावा.

२६/
तर खर्चाचा क्रम असा : आधी शांत खोली, मग एक योग्य माइक व त्याचे स्थिर स्टँड, मग दोन जोडण्यांचा इंटरफेस, बंद पाठीचा हेडफोन, आणि उरलेल्या पैशांत दोन हार्ड डिस्क. चकचकीत स्पीकर आणि दिवे नंतर. पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. ज्यांच्या तोंडी दळणाच्या ओव्या आहेत, त्यांतील बऱ्याच जणी आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. नव्या माइकची किंमत पुढच्या दिवाळीत उतरेलही. कोजागरी त्याआधी येते. त्या रात्री अंगणात भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्यांनी एकेक करून आपले नाव आणि आंजी (मोठी) हे गावाचे नाव सांगितले आणि मग गायला सुरुवात केली, तर साध्या मोबाइलवरचे ते मुद्रणही पुढच्या इतिहासकाराला पुरेसे बोलके असेल.